बाहुली किती मिलिमीटर?

डोक्याची नस फुटली, असं घरचे लोक म्हणतात. डॉक्टर ब्रेन हॅमरेज म्हणतात. रुग्ण बेशुद्ध असतो, तोंड एका बाजूला ओढलेलं, श्वासाला घरघर. सिस्टर दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत असते, तोवर ड्युटीवरचा डॉक्टर अंगठ्यानं पापणी वर करून डोळ्यात टॉर्च मारतो. एक डोळा, मग दुसरा; दोन्ही मिळून पाच-सात सेकंद. केसपेपरवर मग इंग्रजी आद्याक्षरं उमटतात: एनएसआरएल. बाहुल्या नेहमीच्या आकाराच्या आहेत आणि उजेडाला प्रतिसाद देतात, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीचा आकार म्हणजे दोन मिलिमीटर की चार? प्रतिसाद झटकन आला की रेंगाळत? आणि हे पाहिलं तेव्हा किती वाजले होते? त्या चार अक्षरांतून यातलं काहीच कळत नाही. मेंदूतला रक्तस्राव किती गंभीर आहे आणि कोणत्या दिशेनं चालला आहे, हे सांगणारी फार थोडी चिन्हं खाटेशेजारी उभं राहून, पैसा न खर्चता पाहता येतात. बाहुली हे त्यांतलं सगळ्यात बोलकं चिन्ह. आपण ती पाहतो, पण मोजत नाही. वर्धा जिल्ह्यात रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत दोन-तीन हातांतून जातो. अशा ठिकाणी बाहुलीची नोंद आकड्यात आणि वेळेसकट व्हायला हवी, ती पुन:पुन्हा व्हायला हवी, आणि त्या आकड्याला इथल्या रुग्णांवर पारखल्याशिवाय कुणाच्या जगण्या-मरण्याचा निकाल त्यावर लावला जाऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

बाहुली मुळात बोलते कशी, ते आधी पाहू. बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं भोक. डोळ्यात उजेड पडला की दृष्टिपटलावरून संदेश निघतो, डोळ्याच्या नसेतून मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात, म्हणजे मध्यमेंदूत, जातो. तिथे तो दोन्ही बाजूंना वाटला जातो आणि मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या नसेच्या वाटेनं डोळ्याकडे परत येऊन बाहुलीभोवतालचा गोल स्नायू आवळतो. उजव्या डोळ्यावर उजेड टाकला तरी डावी बाहुलीही आवळते, ती या वाटपामुळे. आता कवटीचा विचार करा. ती पक्क्या हाडाची पेटी आहे. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, एवढंच मावतं. एक वाढलं तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली मांडलेला हा नियम आजही अतिदक्षता विभागात रोज कामाला येतो. रक्ताची गाठ वाढू लागली की आधी पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त कमी होतं, आणि तोवर रुग्ण बराचसा स्थिर दिसतो. ही सवलत संपली की थोड्याशा वाढीनंही दाब एकदम चढतो. मग मेंदूच्या बाजूच्या भागाचा आतला कोपरा, मोठ्या आणि लहान मेंदूमध्ये ताणलेल्या पडद्याच्या कडेवरून खाली घसरतो. त्या कडेला लागूनच तिसरी नस जाते. या नसेत बाहुली आवळणारे तंतू बाहेरच्या अंगाला असतात, फळाला साल असावी तसे. त्यामुळे चेंगरणूक आधी त्यांना जाणवते. डोळा फिरवणारे स्नायू अजून चालू असतात आणि त्या बाजूची बाहुली मात्र मोठी होऊ लागते, उजेडाला सुस्तावते, शेवटी हलेनाशी होते. एकोणिसाव्या शतकात लंडनचे सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांत हे नोंदवलं, आणि एका बाजूची विस्फारलेली बाहुली आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते.

रक्तस्राव कुठे झाला, याचाही सुगावा बाहुली देते. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात रक्त साचलं तर दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. त्या मेल्यासारख्या वाटतात, पण भिंग लावून पाहिलं तर उजेडाला किंचित हलतात. मेंदूत खोल असलेल्या थॅलॅमसमधल्या रक्तस्रावात बाहुल्या बारीक होतात आणि डोळे नाकाच्या शेंड्याकडे खिळल्यासारखे दिसतात. डोकं फुटेल असं दुखतंय, माणूस शुद्धीवर आहे, पण एक पापणी खाली आली आहे आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा तिसऱ्या नसेला टेकल्याची शंका घ्यावी लागते. तो फुगा फुटायच्या आत रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पोचवणं हा वेळेशी झगडा असतो.

वर्ध्याचं नाव मी केवळ उदाहरणापुरतं घेत नाही. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात उभं राहिलेलं देशातलं ते पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २००३ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त छापून आला. लकवा मारलेला रुग्ण आला, तर मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे सीटीशिवाय ओळखता येईल का, हा त्यातला प्रश्न. जगात त्यासाठी दोन गुणपद्धती प्रसिद्ध होत्या: एक बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाची, दुसरी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलची. शुद्ध किती, उलटी झाली का, डोकं दुखलं का, बीपी किती, असं विचारायचं, बेरीज-वजाबाकी करायची आणि निदान करायचं. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी या दोन्ही पद्धती आपल्याकडच्या रुग्णांवर लावल्या आणि सीटीशी ताडून पाहिल्या. ग्रामीण भागातल्या या रुग्णालयात दोन्हींची अचूकता कमी पडते, हा निष्कर्ष त्यांनी लेखाच्या शीर्षकातच लिहिला. याच संस्थेतून २०१० साली आणखी दोन अभ्यास आले. पापणीचा आणि जिभेचा फिकेपणा पाहून रक्तक्षय ओळखण्याची आपली रीत किती तोकडी पडते, हे एकानं दाखवलं. मान ताठ होणं वगैरे, पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेल्या खुणांवरून मेंदूच्या आवरणाचा दाह पक्का करता येत नाही आणि नाकारताही येत नाही, हे दुसऱ्यानं. ही परंपरा मला फार मोलाची वाटते. पुस्तकात आहे म्हणून चिन्ह खरं मानायचं नाही. मोजायचं, ताडायचं आणि मग बोलायचं. बाहुलीला हाच न्याय लावला पाहिजे, आणि तो लावला की पहिला प्रश्न टॉर्च धरणाऱ्या माणसाच्या डोळ्याबद्दल उभा राहतो.

त्या प्रश्नाचं उत्तर परदेशातल्या अभ्यासांत मिळतं, आणि ते दिलासा देणारं नाही. २०१६ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात ५९ रुग्णांच्या बाहुल्यांची ४०० हून जास्त मोजमापं घेतली गेली. एकदा नेहमीसारखी डोळ्यांनी, एकदा यंत्रानं, आणि दोघांना एकमेकांचा निकाल माहीत नाही. दोन बाहुल्यांचा आकार वेगवेगळा असल्याचे जे प्रसंग यंत्रानं दाखवले, त्यातले निम्मे माणसाच्या नजरेतून सुटले. ही माणसं मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात रोज हेच काम करणारी होती. त्याच वर्षी अमेरिकेत दोन-दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाच्या बाहुल्या पाठोपाठ पाहिल्या. त्यांचं आपसातलं एकमत जेमतेम मध्यम निघालं. आणि ज्या बाहुल्या उजेडाला अजिबात प्रतिसाद देत नाहीत असं माणसांनी लिहिलं होतं, त्यातल्या साधारण एक तृतीयांशच यंत्राच्याही मते तशा होत्या. उरलेल्या हलत होत्या. फार थोड्या, फार हळू, पण हलत होत्या. हलणारी बाहुली आणि न हलणारी बाहुली यांत नातेवाइकांना काय सांगायचं याचा फरक असतो, ऑपरेशन करायचं की नाही याचाही असतो. यात सिस्टरांचा किंवा तरुण डॉक्टरांचा दोष काढण्यासारखं काही नाही. वॉर्डातला उजेड, टॉर्चमधले उतरलेले सेल, हाताचं अंतर, दमलेली नजर, हे सगळं त्या पाच सेकंदांत मिसळतं. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपली बुबुळं गडद तपकिरी असतात. निळ्या-करड्या बुबुळात काळी बाहुली ठसठशीत उठून दिसते. आपल्या डोळ्यात काळ्याच्या शेजारी जवळजवळ काळंच असतं, आणि दोन मिलिमीटरची बाहुली दीड झाली की नाही, हे मिणमिणत्या टॉर्चनं ठरवणं खरोखर अवघड असतं.

प्युपिलोमीटर हे यंत्र इथे कामाला येतं. हातात मावणारं, दुर्बिणीच्या एका नळीसारखं हे उपकरण रुग्णाच्या डोळ्यासमोर टेकवतात. ते ठरावीक तीव्रतेचा उजेड ठरावीक वेळ टाकतं आणि अवरक्त कॅमेऱ्यानं तीनेक सेकंद चित्रण करतं. अवरक्त प्रकाशात तपकिरी बुबुळही उजळ दिसतं, त्यामुळे वर सांगितलेली अडचण तिथे राहत नाही. उजेडाआधी बाहुली किती होती, किती लहान झाली, आवळायला सुरुवात किती वेळानं झाली, वेग किती होता, पुन्हा उघडली कशी, हे सगळं आकड्यात येतं. यातल्या सर्वांत प्रचलित यंत्रात या मोजमापांचा मेळ घालून शून्य ते पाच असा एक निर्देशांक निघतो: तीन किंवा त्याहून जास्त असेल तर प्रतिसाद ठीक, तीनच्या खाली असेल तर सुस्त, शून्य असेल तर प्रतिसादच नाही. युरोप-अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांत झालेला ‘ऑरेंज’ नावाचा अभ्यास २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. डोक्याला मार, रक्तवाहिनीचा फुगा फुटणं आणि मेंदूतला रक्तस्राव, अशा तिन्ही प्रकारचे ५१४ रुग्ण त्यात होते. पहिला आठवडाभर दर चार तासांनी त्यांच्या बाहुल्या मोजल्या, एकूण चाळीस हजारांहून जास्त वेळा. निर्देशांक जितक्या जास्त वेळा तीनच्या खाली गेला, तितकी सहा महिन्यांनंतरची अवस्था वाईट असण्याची शक्यता वाढली. तो शून्यावर गेलेल्यांत मृत्यूचा धोका ठळकपणे जास्त होता. या अभ्यासाचं बळ एकेका मोजमापात नाही. एकदा घसरलेल्या आकड्यापेक्षा वारंवार घसरणारा आकडा जास्त सांगतो, हे त्यातून दिसलं, आणि वारंवार मोजलं म्हणूनच दिसलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो सीटीचा. मेंदूतलं रक्त प्रत्यक्ष दाखवणारं यंत्र आता जिल्ह्यात आहे. गाठीची लांबी, रुंदी आणि उंची गुणून दोननं भागलं की तिचं आकारमान मिलिलिटरमध्ये निघतं. मग डोळ्यात टॉर्च मारत कशाला बसायचं? आक्षेप वजनदार आहे, आणि सीटीला बाहुली हा पर्याय आहे असं मी म्हणतच नाही. सेवाग्रामच्या २००३ च्या अभ्यासाचा धडाच तो आहे की रक्त आहे की नाही हे सीटीच सांगतं. पण सीटी म्हणजे एका क्षणाचा फोटो, आणि रक्तस्राव त्या क्षणी थांबलेला असतोच असं नाही. अमेरिकेत सिनसिनाटी इथे झालेल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०३ रुग्णांचं सीटी पहिल्या तीन तासांत केलं आणि तासाभरानं पुन्हा केलं, तर सव्वीस टक्के रुग्णांत गाठ ठळकपणे वाढलेली होती. पुढच्या वीस तासांत आणखी बारा टक्क्यांत वाढली. दर तासाला सीटी कुठलंही रुग्णालय करू शकत नाही, आणि रस्त्यावर तर ते नसतंच. जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आष्टी किंवा कारंजा घाडगेच्या ग्रामीण रुग्णालयातून निघालेली १०८ ची गाडी सेवाग्रामला किंवा सावंगीच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात पोचायला दोन तासांच्या आसपास लागतात. आर्वीहून तासाहून जास्त, हिंगणघाटहून चाळीसेक किलोमीटर. काही रुग्ण तिथूनही पुढे नागपूरला जातात. म्हणजे गाठ वाढण्याचा सर्वांत धोक्याचा काळ नेमका गाडीत जातो. त्या काळात मेंदूच्या आत काय चाललंय, याची खबर देणाऱ्या गोष्टी तीनच: शुद्धीची पातळी, श्वास-बीपी, आणि बाहुली. रुग्णाला नळी घालून गुंगीचं औषध दिलं असेल तर शुद्धीची पातळी तपासता येत नाही. मग बाहुलीवरचा भार आणखी वाढतो.

दुसरा आक्षेप जास्त सूक्ष्म आहे, आणि तो डॉक्टरमंडळीच घेतील. मेंदूतल्या रक्तस्रावाची गंभीरता ठरवायला २००१ सालापासून एक गुणपद्धती जगभर वापरली जाते. शुद्धीची पातळी, गाठीचं आकारमान तीस मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आहे का, रक्त मेंदूतल्या पोकळ्यांत शिरलं आहे का, गाठ मेंदूच्या खालच्या भागात आहे का आणि वय ऐंशी किंवा त्यापुढे आहे का, अशा पाच गोष्टी. त्यात बाहुली नाही. डोक्याला मार लागलेल्यांसाठी मात्र २०१८ साली, शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलमधून बाहुल्यांचा गुण वजा करण्याची पद्धत आली: दोन्ही बाहुल्या हलत नसतील तर दोन वजा, एक हलत नसेल तर एक. मग बीपीनं नस फुटलेल्या रुग्णाला बाहुलीनं काय वेगळं कळणार? पहिल्या दिवशी भविष्य वर्तवायचं असेल तर कदाचित फार नाही. शुद्धी आणि आकारमान यांतच बरंचसं सामावलेलं असतं, हे मान्य करतो. पण त्या गुणपद्धतीतली बेरीज दाखल होतानाच एकदा होते. बाहुलीचं काम तिथून पुढे, तासातासाला चालतं. यालाच जोडून असंही म्हणतात की बाहुली विस्फारते तेव्हा उशीर झालेला असतो, ते शेवटचं चिन्ह आहे. पूर्ण विस्फारलेल्या बाहुलीबद्दल हे खरं आहे. म्हणूनच ती विस्फारेपर्यंत थांबायचं नाही आणि त्याआधीची मंद होत जाणारी हालचाल पकडायची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात, ज्यांच्या बाहुल्यांचा प्रतिसाद थांबला त्यांच्यात बाहुलीतला पहिला बिघाड हा कवटीतला दाब शिखराला पोचण्याच्या सरासरी सुमारे सोळा तास आधी दिसला होता. पुढच्या काही अभ्यासांत बाहुली आणि दाब यांचं नातं इतकं सरळ आढळलं नाही, त्यामुळे सोळा तासांचा हवाला देऊन कुणी निर्धास्त होऊ नये. पण आधी सूचना मिळण्याची शक्यता आहे आणि ती पाहायला खर्च नाही, तर न पाहण्याचं समर्थन कसं करणार?

खरा अवघड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो आपल्या मातीतून येतो. बाहुली फक्त मेंदूतल्या दाबाचं ऐकत नाही. वर्धा हा कपाशीचा जिल्हा. पावसाळ्यात फवारणी सुरू झाली की ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकानं विषबाधा झालेले लोक रुग्णालयात येतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली शेतकरी-शेतमजूर फवारणीतून दगावले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. या विषानं बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, थेट पॉन्समधल्या रक्तस्रावासारख्या. त्यावरचा उपाय म्हणजे ॲट्रोपिन, आणि ॲट्रोपिन दिलं की बाहुल्या मोठ्या होतात. शेतात बेशुद्ध सापडलेल्या माणसाला गावात ॲट्रोपिनचं इंजेक्शन मिळालं आणि चिठ्ठीवर ते लिहिलंच नाही, तर पुढच्या रुग्णालयात त्या विस्फारलेल्या बाहुल्यांचा काय अर्थ लावायचा? धोतऱ्याचं बी पोटात गेलं तरी बाहुल्या अशाच मोठ्या होतात. मण्यार चावलेला माणूस पहाटे पापण्या मिटलेला, हातपाय लुळे, बाहुल्या मोठ्या आणि खिळलेल्या अशा अवस्थेत येतो. हे कधी न पाहिलेल्याला मेंदू संपला असं वाटावं. पण व्हेंटिलेटरवर ठेवून सर्पविषाचा उतारा दिला, तर तोच माणूस काही दिवसांनी चालत घरी जाऊ शकतो. घोणस चावली तर उलट, तिच्या विषानं रक्त गोठेनासं होऊन मेंदूत खराखुरा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे एकाच हंगामात, एकाच वॉर्डात, सापाच्या दंशानं बिघडलेल्या बाहुलीचे दोन पूर्णपणे वेगळे अर्थ. वयस्कर माणसांचं आणखी निराळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कधी बाहुली वेडीवाकडी होते, कधी आवळतच नाही. काचबिंदूच्या काही थेंबांनी ती बारीक राहते. मधुमेहात सुस्तावते. आणि धडधाकट माणसांतही पुष्कळांच्या दोन बाहुल्यांत किंचित फरक जन्मापासून असतोच. हे सगळं पाहून कुणी म्हणेल, इतकी फसवी गोष्ट मोजायची कशाला? मला वाटतं, फसवेपणा हेच मोजण्याचं आणि संदर्भासकट लिहिण्याचं कारण आहे. ‘डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं’, ‘ॲट्रोपिन दिलं, सकाळी नऊ वाजता’, ‘रात्री जमिनीवर झोपले होते’, अशा एकेका ओळीनं आकड्याचा अर्थ बदलतो. जन्मजात फरक असेल तर तो तासाभरानंही तेवढाच राहतो. वाढती गाठ असेल तर फरक वाढतो. एकट्या नोंदीला हे दोन वेगळे करता येत नाहीत, दोन नोंदींना येतात.

आणि आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती. आकडा हातात आला की त्याचा निकाल करण्याची घाई होते. ‘बाहुल्या गेल्या’ असं कुणीतरी म्हणतं, नातेवाईक एकमेकांकडे पाहतात, गाडीचं भाडं, शेत, घरातली दुसरी आजारी माणसं, सगळा हिशेब एका क्षणात उभा राहतो आणि रुग्णाला घरी न्यायचं ठरतं. घरी नेल्यावर तो जातो, आणि बाहुल्या गेल्या की माणूस जातो हा समज आणखी पक्का होतो. मेंदूतल्या रक्तस्रावात उपचार लवकर थांबवल्यानंच भाकीत खरं ठरतं, याकडे अमेरिकन डॉक्टरांनी २००१ सालीच लक्ष वेधलं होतं. तिथल्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: रुग्णानं आधी इच्छा सांगून ठेवली नसेल, तर उपचार मर्यादित करण्याचे निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत लांबवावेत. आपला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदादेखील मेंदूमृत्यू ठरवताना बाहुलीवर थांबत नाही. बेशुद्धीचं कारण माहीत हवं, विषाचा किंवा औषधाचा परिणाम नको, मेंदूच्या देठाच्या इतर प्रतिक्रिया आणि श्वास तपासायचा, आणि हे सगळं सहा तासांच्या अंतरानं दोनदा. कायद्याला जिथे इतकी खातरजमा लागते, तिथे अपघात विभागातल्या एका टॉर्चनं आशा सोडणं हा रुग्णावर अन्याय आहे. शिवाय करण्यासारखं पुष्कळ असतं. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘इंटरॅक्ट ३’ या अभ्यासात भारतासह दहा देशांतले सात हजारांवर रुग्ण होते. बीपी तासाभरात खाली आणणं, साखर आणि ताप ताब्यात ठेवणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं, एवढं नेमानं केलं तर रुग्णांची अवस्था सुधारते, असं त्यात दिसलं. यातलं फारसं काही महाग नाही. बाहुली सुस्तावलेली दिसली की पहिलं वाक्य ‘आता काही खरं नाही’ हे नसावं. डोकं तीस अंश वर घ्या, श्वासनलिका मोकळी आहे का पाहा, मेंदूतला दाब उतरवणारं मॅनिटॉल तयार ठेवा, पुढच्या रुग्णालयाला फोन करा, हे असावं. मॅनिटॉलनंतर बाहुली पुन्हा आवळू लागली, तर तीही नोंद आहे, आणि ऑपरेशन करणाऱ्याच्या दृष्टीनं फार महत्त्वाची.

पैशाचा प्रश्न उरतो. प्युपिलोमीटरची किंमत लाखांत जाते, आणि रुग्णाच्या डोळ्याला टेकणारा भाग काही यंत्रांत प्रत्येक रुग्णाला नवा लागतो. निर्देशांक काढण्याचं सूत्र कंपनीच्या मालकीचं असतं, त्यामुळे मला मिलिमीटर आणि वेग हे कच्चे आकडे जास्त विश्वासाचे वाटतात. ते कुणालाही ताडून पाहता येतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं बाहुली मोजण्याचे प्रयत्न सुरू आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली असं एक ॲप मांडलं होतं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात यंत्र द्या, अशी मागणी मी आज करणार नाही. आधी बाहुली मोजायची पट्टी छापलेला पेन-टॉर्च द्यावा. दोनपासून नऊ मिलिमीटरपर्यंतचे काळे ठिपके असलेला, काहीशे रुपयांच्या आत मिळणारा. खोलीतला उजेड कमी करायचा, टॉर्च बाजूनं आणायचा, पट्टी गालाला लावायची, आकडा लिहायचा, वेळ लिहायची. यंत्रं आधी जिथे रुग्ण येऊन साचतात तिथे, म्हणजे सेवाग्राम आणि सावंगीच्या अतिदक्षता विभागांत असावीत, आणि तिथे २००३ सारखाच प्रश्न पुन्हा विचारला जावा. टॉर्चवाल्या सिस्टरची नोंद आणि यंत्राची नोंद, एकमेकींना न दाखवता. सोबत गाठीचं आकारमान. फवारणी, सर्पदंश, मोतीबिंदू यांची माहिती. आणि सहा महिन्यांनी रुग्ण घरात कसा आहे, स्वतःच्या हातानं जेवतो का, शेतापर्यंत चालत जातो का, याची विचारपूस. परदेशात ठरलेली तीनची रेघ आपल्याकडे तीनच राहते की सरकते, हे अशानं कळेल. बँकॉकची आणि लंडनची बेरीज सेवाग्रामला जुळली नव्हती. हीही जुळेलच असं आधी धरून चालता येत नाही.

तोपर्यंत आर्वीहून निघणाऱ्या चिठ्ठीवर काय असावं, याची कल्पना करणं अवघड नाही. रात्री ११.१०: उजवी ३, डावी ३, दोन्ही झटकन. ११.४०, गाडीत: उजवी ३, डावी ४, डावी हळू. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही, ॲट्रोपिन दिलेलं नाही. १२.०५: डावी ५, जेमतेम हलते, मॅनिटॉल सुरू, फोन केला. गाडी पुढच्या रुग्णालयाच्या दारात थांबते तेव्हा त्या चार ओळी फोनवर ऐकून ड्युटीवरच्या डॉक्टरनं सीटीवाल्याला उठवलेलं असतं आणि न्यूरोसर्जनला बोलावणं गेलेलं असतं.